फारसी वळणाची बाळनावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारसं ठरलं की घरात नावांच्या याद्या फिरायला लागतात. मेहेर, कियान, शिरीन, रोशनी यांतलं एखादं नाव त्यात असतंच, आणि ते वाचून कुणीतरी चष्म्यावरून बघत विचारतं, "हे आपल्यातलं आहे का?" खालचे बरेचसे प्रश्न त्याच एका प्रश्नाचे नातेवाईक आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी दोन ओळींत आटोपलं आहे.

मराठी घरात फारसी नाव ठेवणं हे नवीन खूळ आहे का?

खूळ असेल तर ते चारशे वर्षांहून जुनं आहे. वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांच्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ पिराला नवस बोलल्यावर मुलगे झाले, म्हणून पिराचं नाव दोघांत वाटून दिलं, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. 'शाह' फारसी, अर्थ राजा. 'शरीफ' अरबी, अर्थ कुलीन. पुढे मराठा सरदारांच्या वंशावळी उघडून बघा: हैबतराव, दौलतराव, खुशालराव, सुलतानराव, रुस्तुमराव. पहिला बाजीराव आणि मस्तानी यांच्या मुलाचं कृष्णराव हे नाव मागे पडलं आणि इतिहासात तो समशेर बहादूर म्हणूनच राहिला. १७६१ साली पानिपतावर जखमी होऊन तो गेला. शमशेर म्हणजे तलवार.

सगळ्यांत बोलकी गोष्ट शिवाजी महाराजांची. त्यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती. इतकी काटेकोर भाषाशुद्धी चालू असताना थोरल्या महाराजांचं नाव शहाजी आहे याची अडचण कुणालाच झाली नाही. कारभाराची भाषा ही राज्याची बाब होती, नाव ही घरातली.

खेड्यांत तर गुलाबराव, खुशाबा, रेशमा, गुलाबबाई ही नावं इतकी मुरली आहेत की त्यांना कुणी फारसी म्हणतच नाही. ती फक्त जुन्या वळणाची वाटतात.

फारसी दख्खनेत आली कशी?

दरबारातून. १३४७ साली गुलबर्ग्याला बहमनी सल्तनत उभी राहिली. तिचा संस्थापक अलाउद्दीन हसन याने स्वतःला इराणच्या दंतकथेतल्या बहमन राजाचा वंशज म्हणवलं. 'बहमनी' हे नाव त्यातूनच आलं. गंगू ब्राह्मणाच्या उपकारांची आठवण म्हणून 'ब्राह्मणी'चं 'बहमनी' झालं ही कथा रंगतदार आहे, पण इतिहासकार ती मानत नाहीत. बहमनींचा वजीर महमूद गावान तर खुद्द इराणातल्या गिलानचा. बीदरला त्याने बांधलेला मदरसा आजही उभा आहे. पुढे निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, मोगलाई अशा सगळ्या राजवटींत दफ्तराची भाषा कमीजास्त प्रमाणात फारसीच होती. दफ्तर, कागद, शाई, जमीन, दरवाजा, बाजार हे शब्द ज्या वाटेने मराठीत शिरले त्याच वाटेने नावंही आली.

आमचं आडनावच फारसी आहे असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

आडनाव 'नीस'ने संपत असेल तर अर्ध तरी नक्कीच. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, आणि सगळ्यांत सरळ म्हणजे पारसनीस: दरबारचा फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. 'दार' म्हणजे बाळगणारा, त्यावरून इनामदार, मिरासदार, जहागीरदार. तेव्हा पारसनिसांच्या घरात आजोबा 'शिरीन' नावावर नाक मुरडत असतील तर त्यांना दारावरची पाटी दाखवायला हरकत नाही.

फारसी नाव आणि अरबी नाव यात फरक कसा ओळखायचा?

ही गफलत सगळीकडे होते, नावांच्या याद्यांत तर सर्रास. दोन्ही भाषा एकाच लिपीत लिहिल्या जात असल्या तरी त्यांचं गोत्र वेगळं. फारसी ही संस्कृत, मराठी, हिंदी यांच्या कुळातली. अरबी हिब्रूच्या कुळातली.

अरबी शब्द साधारण तीन व्यंजनांच्या मुळातून घडतो. क-र-म या मुळापासून करम, करीम, अक्रम. स-ल-म पासून सलीम, सलमा. फारसी नाव बहुधा दोन शब्द जोडून होतं, आपल्या समासासारखं. जहान म्हणजे जग आणि गीर म्हणजे घेणारा, म्हणून जहांगीर हा जग जिंकणारा. (जहागीर वेगळी, बरं का. तिच्यात 'जा' म्हणजे जागा आहे.) माह म्हणजे चंद्र आणि रुख म्हणजे चेहरा, म्हणून माहरुख ही चंद्रमुखी. शब म्हणजे रात्र, नम म्हणजे ओल; शबनम म्हणजे दव. दिल, गुल, खुश, शाह, बानू, नाझ यांपैकी काही दिसलं की नाव फारसी किंवा निदान अर्ध फारसी समजावं. नूरजहान हे असंच अर्धअर्ध: नूर अरबी, जहान फारसी.

काही शब्दांनी दोन्ही घरी मुक्काम केला आहे. फारसी गौहर म्हणजे रत्न. तो अरबीत जाऊन जौहर झाला, त्याचं अनेकवचन जवाहिर, आणि तेच परत येऊन आपल्याकडे जवाहर झालं. म्हणजे गौहर आणि जवाहर ही एकाच रत्नाची दोन नावं.

आणखी एक उपयोगी गोष्ट: फारसी व्याकरणात लिंगभेद नाही. त्यामुळे रोशन, खुर्शीद ही नावं मुलाला चालतात आणि मुलीलाही. पारशांत रोशन बहुधा बाई असते, मराठी घरांत रोशन बहुधा मुलगा.

फारसी नावांचं संस्कृतशी खरंच नातं आहे, की ही ओढूनताणून काढलेली जुळवाजुळव?

नातं खरं आहे, आणि ते उसनवारीचं नसून रक्ताचं आहे. पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता ज्या भाषेत आहे ती आणि ऋग्वेदाची भाषा या सख्ख्या बहिणींइतक्या जवळच्या. काही नियम एकदा कळले की नावं आपोआप उलगडायला लागतात. संस्कृतातला 'स' तिकडे 'ह' होतो: सप्तचं हप्त (आपला 'हप्ता' तिथूनच आला), असुरचं अहुर, सोमचं हओम. संस्कृतातला 'ह' बऱ्याचदा तिकडे 'ज'च्या दंत्य उच्चाराकडे झुकतो: हिरण्यचं जरन्य. पैठणीची जर आणि जरीन हे नाव, दोन्ही त्या सोन्याच्या घरचे.

आता नावं बघू. मेहेर म्हणजे अवेस्तातला मिथ्र, आपला वैदिक मित्र. बेहराम म्हणजे वेरेथ्रघ्न. संस्कृतात वृत्रहन्, इंद्राचं विशेषण. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातला 'बी' म्हणजे बैरामजी, हे त्याच नावाचं एक रूप. खुर्शीद म्हणजे तेजस्वी सूर्य. त्यातला पहिला भाग आपला 'स्वर्'. बहमन म्हणजे वोहू मनह, संस्कृतात वसु आणि मनस्, म्हणजे चांगलं मन. अर्थाने बघितलं तर मराठी सुमन ही बहमनची मावसबहीण. दारा म्हणजे दारयवहु, धारय आणि वसु, जो चांगलं धारण करतो तो. जामास्प, गुश्तास्प अशा नावांच्या शेवटी जो 'अस्प' आहे तो आपला अश्व. खुद्द जरथुष्ट्र या नावात उष्ट्र म्हणजे उंट बसलेला आहे. ज्या समाजात घोडे-उंट हीच संपत्ती होती तिथे ते शोभतंच.

सर्वांत सुरेख जोडी कैखुश्रूची. 'कै' म्हणजे अवेस्तातला कवि, तिकडे राजाची पदवी, इकडे आधी ऋषी आणि मग काव्य करणारा. खुश्रू म्हणजे हुस्रवह, संस्कृतात सुश्रवस्, ज्याची कीर्ती चांगली आहे तो. म्हणजे कैखुश्रू हा सरळ सरळ 'कवि सुश्रवस्' निघाला.

आणि जमशेद. याचं जुनं रूप यिम क्षएत, तेजस्वी यिम. हा यिम वीवंघताचा मुलगा. आपला यम विवस्वताचा. मूळ पुरुष एकच. इराणी परंपरेत तो सुवर्णयुगाचा राजा झाला, आपल्याकडे मृत्यूचा देव. मराठी घरात बाळाचं नाव यम ठेवायला कुणी धजणार नाही, पण त्याच नावाच्या धन्याचं शहर, जमशेदपूर, आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो.

मग 'मिहिर' संस्कृत की फारसी?

दोन्ही. मिथ्रचं मधल्या काळातलं इराणी रूप 'मिहर'. ते फार पूर्वीच संस्कृतात आलं आणि सूर्य या अर्थाने रुळलं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या नावात ते आहेच. दीड हजार वर्षांपूर्वी आलेल्या शब्दाला पाहुणा म्हणायचं की घरचा, हे ज्याने त्याने ठरवावं. शब्दकोश मात्र त्याला संस्कृतच मानतात. म्हणूनच शुद्धलेखनात तो तत्सम धरून 'मिहिर' असा दोन्ही इकार ऱ्हस्व लिहायचा.

मुलीसाठी 'मेहेर' आवडलंय, पण सासूबाई म्हणतात मेहर म्हणजे हुंडा. खरं का?

सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत, फक्त शब्द दुसरा आहे. मुस्लिम विवाहात नवऱ्याने बायकोला द्यायची जी रक्कम ठरते ती 'महर', हा अरबी शब्द. तो हुंडा नव्हे. उलट दिशेने जाणारा पैसा आहे. तुमचं 'मेहेर' फारसी 'मिहर', अर्थ सूर्य आणि माया, प्रेमसुद्धा. पंजाबीत 'मेहर' म्हणजे कृपा, तीही याच घरची. दोन्ही शब्द देवनागरीत जवळजवळ सारखे दिसतात म्हणून गोंधळ होतो. 'मेहेर' असं दोन मात्रांनी लिहिलं तर तो बराच टळतो. अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादमुळे आणि मेहेरबाबांमुळे (जन्म पुणे, १८९४) हे रूप महाराष्ट्राच्या डोळ्यांना सवयीचंही आहे. मेहेर हे मराठी आडनावही आहे, तेवढं लक्षात ठेवा. मेहेर मेहेर नावाची मुलगी शाळेत हैराण होईल.

मुलींसाठी आणखी कोणती नावं आहेत?

शिरीन म्हणजे गोड. अनाहिता म्हणजे निष्कलंक. प्राचीन इराणची जलदेवता. यातला 'अन्' हा आपल्या 'अनादि', 'अनंत'मधलाच नकार. सितारा म्हणजे तारा, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे. महताब म्हणजे चांदणं. यास्मिन म्हणजे जाईच्या जातीचं फूल, युरोपातलं जास्मिनही त्यावरूनच. नर्गिस हेही फूल. फरझाना म्हणजे शहाणी. आरजू म्हणजे इच्छा. खुशी तर आता कुणाला फारसी वाटतच नाही.

किमया हे नाव मराठी घरांत अधूनमधून ऐकू येतं आणि मला ते फार आवडतं. किमया म्हणजे लोखंडाचं सोनं करण्याची विद्या. मूळ ग्रीक, मग अरबी-फारसी, मग मराठी, आणि आपल्याकडे नुसती 'जादू' म्हणूनही चालते.

गुलाबची गंमत अशी की फारसीत फुलाला 'गुल' म्हणतात आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे खरं तर गुलाबपाणी. आपण बाटलीचं नाव फुलाला दिलं.

निलोफरचा प्रवास उलटा आहे. संस्कृत नीलोत्पल, निळं कमळ, इराणात गेलं, तिथे नीलूपर, मग निलूफर झालं आणि निलोफर होऊन परत आलं. ज्यांना संस्कृतही हवं आणि वेगळेपणाही हवा त्यांनी याचा विचार जरूर करावा.

मुलांसाठी?

फिरोज म्हणजे विजयी. निळसर हिरवा पिरोजा खडा आणि फिरोजी रंग याच शब्दाचे. परवेजचाही अर्थ विजयी. नवरोज म्हणजे नवा दिवस, इराणी वर्षाचा पहिला, साधारण २१ मार्च. 'नव' आपला आणि 'रोज'ही आता आपलाच. दादाभाई नौरोजींच्या नावात हाच दिवस आहे. वसंतात जन्मलेल्या मुलाला शोभेल. आझाद म्हणजे स्वतंत्र. सरोश हा प्रार्थना ऐकणारा देवदूत, यातलं 'स्रु' म्हणजे आपलं 'श्रु', ऐकणं. दिलशाद म्हणजे प्रसन्न मनाचा. शहबाज म्हणजे राजससाणा. अरमान म्हणजे उत्कट इच्छा. त्याला पूर्ण न झालेल्या इच्छेची छटाही आहे, पण बहुतेक आईवडिलांना ती चालते.

जुळे मुलगे झाले आणि कुणी रुस्तम-सोहराब सुचवलं तर आधी कथा वाचा. फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात रुस्तम हा बाप आणि सोहराब मुलगा. एकमेकांची ओळख नसताना दोघांची लढाई होते आणि बाप मुलाला मारतो. एकेकटी दोन्ही नावं उत्तम आहेत. जोडीने नकोत.

'परी' या नावात काही अशुभ आहे का?

आज नाही. अवेस्तात 'पइरिका' म्हणजे दुष्ट चेटकीण. पुढे फारसी काव्यात तिचं रूप पालटून ती पंखवाली सुंदरी झाली आणि त्या रूपातच ती मराठीत आली. हे जुनं प्रकरण समजलं म्हणून नाव बदलायची गरज नाही. तसं बघायला गेलं तर अवेस्तात 'दएव' म्हणजे राक्षस आणि 'अहुर' म्हणजे परमेश्वर, आपल्या देव-असुरांच्या बरोब्बर उलट. जुन्या इराणच्या पुरोहिताला आपला 'महादेव' ऐकून धडकीच भरली असती.

कियान, कियारा, आरव, समीर ही नावं फारसी आहेत का? याद्यांत तसं दिलेलं असतं.

कियान हो. वर आलेल्या 'कै'चं हे अनेकवचन. जुन्या इराणच्या दंतकथेतलं राजघराणं. त्यामुळे 'राजा' हा अर्थ जवळपास बरोबर, 'राजे' जास्त बरोबर. 'देवाची कृपा' वगैरे जे दिलेलं असतं ते सोडून द्या. कियारा आज जी लोकप्रिय आहे ती इटालियन 'किआरा'वरून, अर्थ उजळ. आरव संस्कृत, अर्थ आवाज. 'शांत' असा नेमका उलटा अर्थ फिरतो तो कुणी सुरू केला देव जाणे. समीर संस्कृतात वारा आणि अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा. दोन स्वतंत्र शब्द, योगायोगाने सारखे. परवीन आणि प्रवीण यांचंही तसंच: परवीन हा फारसीत कृत्तिकांचा तारकापुंज, प्रवीण संस्कृतात कुशल.

याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. एका ठिकाणी चूक झाली की दहा ठिकाणी होते. पाच पानांवर तोच अर्थ दिसला म्हणजे पाच पुरावे मिळाले असं नव्हे. मोल्सवर्थचा किंवा दात्यांचा कोश उघडून बघायला दहा मिनिटं लागतात आणि दोन्ही संगणकावर फुकट मिळतात.

दिलीपमध्ये 'दिल' आणि जानकीमध्ये 'जान' आहे ना?

नाही. दिलीप हा सूर्यवंशातला राजा, जानकी जनकाची मुलगी. शिरीषचा शिरीनशी संबंध नाही, तो एक झाड आहे. दारा मात्र जपून: संस्कृतात 'दारा' म्हणजे बायको, आणि तो शब्द चालतो पुल्लिंगी अनेकवचनात. मुलाला दारा म्हणायला हरकत काहीच नाही, संस्कृतच्या बाईंनी हसू आवरलं म्हणजे झालं.

पारशी लोक नावं कशी निवडतात? त्यांची नावं आम्ही ठेवली तर त्यांना खटकेल का?

पारशी पंचांगात महिन्याच्या तिसांपैकी प्रत्येक दिवसाला, म्हणजे 'रोज'ला, एका देवतेचं नाव असतं. पहिला होर्मुझ, दुसरा बहमन, अकरावा खोरशेद, सोळावा मेहेर, सतरावा सरोश, विसावा बेहराम. यांतली बरीचशी माणसांचीही नावं आहेत. बाकीची शाहनाम्यातल्या राजांची आणि वीरांची. उरलेली चक्क भारतीय: रतन हे संस्कृत रत्न, दादाभाई गुजराती. जे. आर. डी. टाटांच्या नावात जहांगीर फारसी, रतनजी भारतीय आणि दादाभाई गुजराती, सगळं एका ओळीत बसलं आहे.

नावं त्यांच्याकडेही सगळीकडून आली आहेत, त्यामुळे मराठी मुलीचं नाव शिरीन किंवा मेहेर ऐकून कुणी भुवया उंचावत नाही. जरथुष्ट्र किंवा होर्मुझ मात्र थेट धर्माच्या गाभ्यातली नावं आहेत. ती हौसेने ठेवण्याआधी थोडा विचार केलेला बरा.

महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत ही नावं असतातच. मग लोक मुलाचा धर्म नावावरून ठरवतील ना?

ठरवतील. हे गोड शब्दांत झाकण्यात अर्थ नाही. रोशन, खुशी, मिहिर, किमया या नावांवरून कुणी काही ठरवत नाही. जहांगीर, शबनम, परवीन यांवरून ठरवतात, आणि भाड्याचं घर शोधताना किंवा समाजमाध्यमांवर त्याचा त्रास होऊ शकतो. मराठी मुस्लिम कुटुंबं तो त्रास रोजच सोसतात, त्यांना यादीतून दुसरं नाव निवडण्याची सोय नसते. मला विचाराल तर नाव मनापासून आवडलं असेल तर ठेवावं. पण आईबाबा दोघांनीही त्याच्यामागे उभं राहायची तयारी ठेवावी, कारण बारशाला आलेली मंडळी जेवून घरी जातात, नाव मुलाजवळ राहतं.

नावरस अक्षर जुळवायचं असेल तर?

अक्षर उच्चाराशी जोडलेलं असतं, भाषेशी नाही. रोशन, रोशनी 'रो'वर, म्हणजे स्वातीचा तिसरा चरण. मिहिर मघाच्या दुसऱ्या, मेहेर चौथ्या चरणावर. कियान मृगाच्या चौथ्यावर. खुशी 'खू'खाली श्रवणावर येते. आत्याने कानात कुर्र केलं आणि पाळण्यातलं नाव वेगळं ठेवलं की कागदावरचं नाव मोकळं, ही जुनी सोय आहेच.

'ज' लिहायचा की 'झ'?

खरी डोकेदुखी इथे आहे. हिंदीतला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, मराठी लेखनात नाही. आपला 'ज' दोन प्रकारे उच्चारला जातो, 'जय'मधला तालव्य आणि 'जमीन'मधला दंत्य. जमशेद आणि जहांगीर यांतला 'ज' फारसीत 'जय'सारखा आहे. जरीन, फिरोज, नवरोज यांतला 'जमीन'सारखा. मराठी माणूस फिरोज, नवरोज आपोआप बरोबर म्हणतो, म्हणून तिथे 'ज' पुरतो. जरीन आणि झरीन दोन्ही चालतात. नाझनीनला मात्र 'झ' बरा. रोमन लिपीत लिहिताना दंत्य उच्चाराला झेड आणि तालव्याला जे, एवढं धरून ठेवा, आणि जे ठरेल ते पहिल्या दिवसापासून सगळीकडे एकच ठेवा.

शिरीन, परवीन, जरीन यांत शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी दीर्घ.

आम्ही परदेशात राहतो. तिकडच्या तोंडात बसेल असं फारसी नाव कोणतं?

दारा, यास्मिन, कियान, अनाहिता, सायरस. सायरस हे मूळ कुरुश या नावाचं ग्रीक-लॅटिन मार्गाने आलेलं रूप, त्यामुळे तिकडे ते आधीपासून ओळखीचं. रोक्साना हे रोशनचंच सख्खं भावंड. सिकंदराची बायको रोक्साना बॅक्ट्रियाची, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाकडची, आणि तिच्या नावाचा अर्थही उजळ असाच होतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं गास्पार किंवा जास्पर हे नाव मूळ फारसी, खजिनदार या अर्थाचं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पोर्तुगालमार्गे आलं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

नाव अजून ठरत नाही. जन्मनोंदणीचं काय?

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव दिलंच पाहिजे असं नाही. नोंदीनंतर १२ महिन्यांत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा म्हणून लागतो. म्हणून मेहेर की मेहर, जरीन की झरीन, हा वाद अर्ज देण्याआधी घरात मिटवा. दाखल्यावर देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं नीट तपासूनच सही करा. नंतर नाव बदलायचं झालं तर राजपत्राची वाट धरावी लागते.